फळ्यावरचं नाव

ओपन हाऊसच्या दिवशी पाटकर टीचरनी तिसरीतल्या नूपुरचं प्रगतिपुस्तक मिटलं, चष्मा डोक्यावर चढवला आणि तिच्या आईला, कालिंदीला विचारलं, "तुम्ही घरी तिच्याशी नक्की कसं वागता हो? एकदा सगळ्या पालकांना येऊन सांगा."

कालिंदीला वाटलं, टोमणा आहे. तिने ओढणी मनगटावर ओढून घेतली. आदल्या संध्याकाळी नूपुरने घेतलेला चावा तिथे अजून निळा दिसत होता.

पण टोमणा नव्हता. टीचर अगदी मनापासून बोलत होत्या. "बावन्न मुलं आहेत वर्गात. सहा वाजेपर्यंत माझा घसा बसतो. पण नूपुर परबला एक गोष्ट दोनदा सांगावी लागली, असं आजवर झालेलं नाही. म्हणून तर जूनपासून मॉनिटर केलंय तिला."

"टीचर, घरी ती अशी नाहीये," कालिंदी म्हणाली.

"थोडीफार मस्ती करणारच."

"मस्ती नाही. आरडाओरडा, फेकाफेकी. आम्हाला आवरत नाही ती."

आता टीचरनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि कालिंदीकडे नीट बघितलं. त्या नजरेत काही वाईट नव्हतं. आपण डॉक्टरकडे गेल्यावर तो बघतो, तसं बघितलं. "शाळेत छान वागते म्हणजे मुलीत काही खोट नाही ना? मग घरीच काहीतरी चुकत असेल. वेळापत्रक लावा. मोबाइल कमी करा. आणि आईने आवाज चढवायचा नाही, काही झालं तरी." तोवर पुढच्या मुलाच्या वडिलांनी खुर्ची सरकवली होती.

कालिंदी जिना उतरली. तिला त्या बाईंचा राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

ती परळच्या एका हॉस्पिटलात रक्त घेण्याच्या खिडकीवर काम करायची. सकाळी सात ते दुपारी तीन. दिवसाला ऐंशी-नव्वद दंडांना पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची. लहान मुलं आली की बाकीच्या मुली कालिंदीलाच हाक मारायच्या. तिचा हात हलका होता आणि तोंडात साखर होती. "कोणता रंग आवडतो तुला? जांभळा? अरे वा, माझ्याकडे जांभळ्या झाकणाची बाटली आहे." तोवर सुई बाहेर आलेली असायची. त्या मुलांच्या आया तिला म्हणायच्या, तुमच्या घरच्या मुलांची मजा आहे.

तीन वाजता तिथून निघायचं, लालबागला घरी येऊन तासभर पाठ टेकायची, भाजी आणायची आणि पावणेसहाला दादरला शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं. नूपुर सगळ्यात शेवटी यायची, कारण वर्गातल्या दिव्यांची आणि पंख्यांची बटणं बंद करणं मॉनिटरचं काम. बसमध्ये ती खिडकीशी गप्प बसायची. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंना नमस्ते म्हणायची. चौदाव्या मजल्यावर घराचं दार उघडायचं आणि मग सुरू व्हायचं.

कारण काहीही पुरायचं. दुधावर साय आली. पोळीची घडी मोडली. मोजा काढताना उलटा झाला. आधी कुरकुर, मग रडं, मग जमिनीवर पडून लाथा. दप्तर भिंतीवर, पाण्याची बाटली मोरीत. कालिंदीने सगळं करून बघितलं होतं. फ्रिजवर चांदण्यांचा तक्ता लावला, तो नूपुरने चौथ्या दिवशी फाडला. कोपऱ्यात उभं केलं, तर तिने भिंतीवर डोकं आपटलं. समजावलं, आमिष दाखवलं, टीव्ही बंद केला, एकदा थोबाडीत मारली आणि स्वतःच मोरीत जाऊन रडली. बहुतेक दिवशी मात्र ती नुसती ओरडायची. तिच्या आवाजाने वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीशी येत असतील असं तिला वाटायचं, पण थांबता यायचं नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे तात्या, तिचे सासरे. तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडल्यावर जिथे मिळेल तिथे राबले. दुपारी नातीला शाळेत सोडण्याचं काम त्यांचं. संध्याकाळचा दंगा सुरू झाला की ते कानातलं यंत्र काढून खिशात टाकायचे आणि तरी तिथेच खुर्चीत बसून राहायचे. नवरा, वैभव, अंधेरीच्या विमा कंपनीतून घरी येईपर्यंत नूपुर झोपलेली असायची. त्याला मुलगी भेटायची ती रविवारी, आणि रविवारी ती बरी असायची.

ओपन हाऊसचं ऐकून तो म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, एवढं काही नाहीये. तू दमून येतेस, तुझा पारा चढतो, मग ती पण चढते."

"तू एक दिवस साडेसहाला घरी ये."

"साडेसहाला कसा येऊ, तूच सांग."

तो खोटं बोलत नव्हता.

मंगळवारी नूपुर पेन्सिलीवरून पेटली. पेन्सिल तासून दिली होती, पण टोक म्हणे फार लांब झालं होतं. ती फरशीवर पडून किंचाळत होती, चेहरा लालबुंद, केस तोंडात. त्या वेळी कालिंदीला एकदम सुचलं. तिने ओट्यावरचा फोन उचलला आणि शूटिंग सुरू केलं.

तात्यांनी खुर्चीतून हात उचलला. "बंद कर गो ता."

"बघू देत ना सगळ्यांना. मीच खोटी आहे ना?"

नूपुरने वर बघितलं. फोन बघितला. क्षणभर तिचा आवाज अडकला, आणि मग ती आणखी जोरात किंचाळली, या वेळी तोंड दोन्ही हातांनी झाकून. पावणेदोन मिनिटांचं शूटिंग झालं.

रविवारी सकाळी वैभवने ते बघितलं. चहाचा कप तसाच हातात धरून दोनदा बघितलं. "रोज असं?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. तो पुढे काही बोलला नाही, आणि त्या न बोलण्याने तिला इतकं हलकं वाटलं, की त्याच हलकेपणात तिने शूटिंग पाटकर टीचरनाही पाठवून दिलं. खाली लिहिलं, "टीचर, हे बघा. काय करू कळत नाही." टीचरचं उत्तर आलं, "बापरे! मी बोलते तिच्याशी."

सोमवारी संध्याकाळी नूपुर घरी आली, बूट जागेवर ठेवले, डबा स्वतः विसळला आणि अभ्यासाला बसली. दुधावर साय होती, ती तिने चमच्याने बाजूला केली.

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. कालिंदी "नूपुर" म्हणाली की "हो आई" असं उत्तर यायचं. टीचर नेमकं काय बोलल्या ते तिने विचारलं नाही. गुण आलाय ना, मग औषध कुठलं ते कशाला बघायचं? गुरुवारी ती संध्याकाळी सात वाजता पलंगावर आडवी झाली आणि चक्क झोपली. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. उठली तर नूपुर शेजारी खुर्चीत हाताची घडी घालून बसलेली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. मी पाणी पिऊ?"

"विचारतेस काय? पी की."

नूपुर उठली, पाणी प्यायली, पेला धुऊन पालथा घातला आणि परत येऊन बसली.

दुसऱ्या आठवड्यात कालिंदीच्या एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. नूपुरच्या नखांच्या कडेची कातडी सोलवटलेली होती. दोनदा अंथरूण ओलं झालं होतं, आणि दोन्ही वेळा तिने चादर स्वतःच गुंडाळून बादलीत टाकली होती. आणि कालिंदीने फोन हातात घेतला, मग तो कुणाला लावायला का असेना, की नूपुर ताठ व्हायची आणि हसायची. फोटोत हसतात तसं, फोन खाली ठेवेपर्यंत.

शुक्रवारी भाजी निवडताना तात्या म्हणाले, "माका इचारल्यान, फोन उपडो ठेवलो तरी तेच्यात दिसता काय?"

कालिंदीने वर बघितलं. "कधी?"

"परवा. शाळेत जाताना."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"माका खय ठावक!" तात्या म्हणाले. मग त्यांनी गवारीची एक शेंग मोडून ताटात टाकली. "पयला बरा होता गो. रडा होता, पण पोर घरात होता."

शनिवारी हॉस्पिटलात एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आली. हात पुढे करून ताठ बसली, सुईकडे बघितलंही नाही. आई कौतुकाने म्हणाली, "आमची कधी रडत नाही हो." कालिंदीने रक्त घेतलं, कापूस दाबला आणि मुलीला उठू न देता बाकावर आडवी केली. आई गोंधळली. कालिंदीने सवयीने सांगून टाकलं, "रडणाऱ्यांचं काही नसतं. गप्प बसणारी मुलं उठल्यावर चक्कर येऊन पडतात. पाच मिनिटं राहू दे तिला." पाच मिनिटांतच त्या मुलीचे ओठ पांढरे पडले, मग हळूहळू रंग आला. पुढचं नाव पुकारलं गेलं होतं, पण कालिंदी तिचा हात धरून उभीच राहिली. सोबतच्या मुलीने "मॅडम, लाइन बघा" म्हटलं, तेव्हा हलली.

सोमवारी ती अर्धी रजा टाकून मधल्या सुट्टीत शाळेत गेली. पाटकर टीचर स्टाफरूमबाहेर उभ्याने डबा खात होत्या.

"काय, सुधारली ना?" त्यांनी घास गिळून विचारलं. "मी बोलले होते तिच्याशी. अगदी प्रेमाने हं. टेबलाशी बोलावलं, म्हटलं, घरी आईला त्रास देतेस ना, मी बघितलंय सगळं. एवढंच."

"वर्गात?"

"हळू आवाजात. पहिल्या बाकावरच्यांनी ऐकलं असेल कदाचित." टीचर हसल्या. "पण मुलगी काय प्रामाणिक आहे हो तुमची! मॉनिटर म्हणून बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिते ना, तर स्वतःच्या मैत्रिणीचं, त्या रुचाचंसुद्धा सोडत नाही. आणि गेल्या आठवड्यात तर गंमतच झाली. मी वर्गात आले तर फळ्यावर एकच नाव, नूपुर परब. म्हटलं, अगं तू कुठे बोललीस? तर म्हणते, इथे नाही, घरी."

टीचरचं हसू सांगता सांगताच विरत गेलं. बोललेलं आपल्याच कानांनी ऐकल्यावर व्हावं तसं झालं त्यांचं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"ती डबा कुणाबरोबर खाते?" कालिंदीने विचारलं.

टीचरनी आठवून बघितलं. "एकटीच असते वाटतं. दाराजवळ बसते. मला वाटायचं, लक्ष ठेवायला बसते."

दोघी व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. वर्गाचं दार उघडं होतं. मुलं घोळक्याने बसली होती, एकमेकांच्या डब्यांत हात घालत होती. नूपुर दाराजवळच्या बाकावर बसून पोळीचा रोल खात होती आणि एक हात वहीवर ठेवला होता. त्या वहीत नावं होती.

"तिला मॉनिटर ठेवू नका, टीचर."

"तिला वाईट वाटेल. बाकीच्यांना वाटेल शिक्षा झाली."

"वाटू दे थोडं. सगळ्यांनाच आळीपाळीने करा ना. दर आठवड्याला दुसरं मूल." तिचा आवाज थकलेला होता, पण चढला नाही. "दिवसभर ती धाकात असते. इथे जमत नाही म्हणून घरी येऊन फुटत होती. मी ते घरीही बंद करून टाकलं. शूटिंग पाठवलं ती माझी चूक. तुमच्या फोनमधून काढून टाका."

पाटकर टीचरनी तिथेच फोन काढला, शोधलं, पुसलं. "मीही वर्गात बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या. "बावन्न आहेत हो. जे शांत असतं त्याच्याकडे बघायचंच राहून जातं." घंटा झाली आणि त्या गेल्या.

त्या संध्याकाळी कालिंदीने नूपुरला बसस्टॉपकडे न नेता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसवलं. समोर नेटमध्ये मुलं बॅट घेऊन रांगेत उभी होती. नूपुर दप्तर पाठीवरून न काढताच बसली.

"मी तुझं शूटिंग काढलं आणि टीचरना पाठवलं," कालिंदी म्हणाली. "ते चूक होतं. तुला विचारलं नाही. तू रडत होतीस आणि मी फोन धरला."

नूपुर बुटाने माती उकरू लागली.

"टीचरनी पुसलं. मी आता पुसते, बघ." तिने फोन पुढे धरला. नूपुरने स्वतःच्या बोटाने ते चित्र दाबलं आणि ते गेलं.

"बाबांच्या?"

"बाबांनी माझ्याच फोनवर बघितलं. त्यांच्याकडे नाहीये. पुन्हा असं कधी करणार नाही मी."

"पण केलंस ना," नूपुर म्हणाली.

"हो. केलं."

नूपुरने दप्तर काढून मांडीवर घेतलं. मग नूपुर म्हणाली, "रुचाने सगळ्यांना सांगितलं, मी घरी वेडी होते म्हणून." आणि लगेच उठून चालू लागली. कालिंदीने तिला हाक मारून थांबवलं नाही. मागून चालत राहिली.

एका बोलण्याने काही सरळ होत नाही, हे तिला ठाऊक होतं. पुढचे तीन आठवडे नूपुर तशीच राहिली, हो आई, नाही आई. कालिंदीने दोनच गोष्टी ठरवल्या, कारण त्याहून जास्त तिला झेपणार नव्हत्या. घरात शिरल्यावर अर्धा तास कुणी कुणाला काही विचारायचं नाही. अभ्यास नाही, "आज काय शिकवलं?" नाही. एका ताटलीत कुरमुरे, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे तुकडे. नूपुर पाहिजे तिथे बसून खाईल. तोवर कालिंदीही खिडकीशी बसेल आणि भांड्यांना हात लावणार नाही. आणि दुसरी, स्वतःला ओरडावंसं वाटलं की तसं सांगायचं. "नूपुर, मला आता फार राग येतोय. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन येते." पहिल्यांदा म्हणताना तिला स्वतःचंच हसू आलं होतं. पाचांतून दोनदा तरी ती सांगायचं विसरायची आणि ओरडायचीच. मग नंतर जाऊन तसं कबूल करायची.

वैभवने बुधवारचे दोन तास मागून घेतले. साहेबाने तोंड वाकडं केलं, पण दिले. बुधवारी फाटकाशी तो उभा राहायचा. पहिल्याच बुधवारी घरी येऊन तो कालिंदीला म्हणाला, "अख्ख्या बसमध्ये एक शब्द बोलली नाही गं." रोज तिला दिसायचं ते आज त्यालाही दिसलं होतं.

शाळेत मॉनिटर बदलला. नूपुरने ते घरी सांगितलं नाही. वहीतली नावांची पानं एक दिवस तात्यांना कचऱ्याच्या डब्यात सापडली.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात, गुरुवारी, कालिंदीने भात वाढला. वरण भातावर पडलं. नूपुरला ते बाजूला हवं होतं.

"मी सांगितलं होतं बाजूला!"

"राहिलं गं. दुसरा भात देते."

"नको मला दुसरा! तू ऐकतच नाहीस! कधीच ऐकत नाहीस!" ताटली सरकली, वरण फरशीवर गेलं. नूपुर पाट सोडून जमिनीवर पडली आणि तोच आवाज आला, कानठळ्या बसवणारा, महिन्याहून जास्त दिवस न ऐकलेला. तात्यांचा हात कानाकडे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला.

सकाळी साडेपाचपासून कालिंदी उभी होती. शिकाऊ मुलगी आली नव्हती म्हणून शंभरावर माणसांचं रक्त तिने घेतलं होतं. पायांत पेटके येत होते. ती वरणाच्या ओघळाशेजारी भिंतीला टेकून खाली बसली. आपला फोन कुठे आहे हे तिने नूपुरला दिसेल असं बघितलं. तो लांब, फ्रिजवर होता.

"मी इथे आहे," ती म्हणाली. एवढंच.

"तू वाईट आहेस!"

"बरं."

"तू वाईट आई आहेस! आणि रुचा वाईट आहे! आणि टीचर!" लाथ कालिंदीच्या नडगीवर बसली. तिने पाय आखडून घेतला आणि नूपुरचं पाऊल हातात धरून ठेवलं, घट्ट नाही. "मारायचं नाही. ओरड तू."

नूपुर ओरडली. वीस मिनिटं तरी ओरडली असेल. मग ओरडण्याचं रडं झालं आणि रडता रडता शब्द यायला लागले, तुटक, हुंदक्यांतून. रुचाच्या वाढदिवसाला सगळ्या मुलींना बोलावलंय. हिला नाही. रुचा म्हणाली, तू आली तर आमची पण नावं लिहिशील. आता आपण मॉनिटर नाही हे नूपुरने तिला सांगितलं होतं, तरी.

"कधी आहे वाढदिवस?"

"झाला. रविवारी झाला." म्हणजे चार दिवस ते पोरीच्या पोटात होतं.

कालिंदीला कुणालातरी फोन करावा, रुचाच्या आईशी बोलावं असं वाटलं. मग वाटलं, आज नको. विचारल्याशिवाय तर नकोच. "फार वाईट वाटलं असेल," ती म्हणाली. सरपटत येऊन नूपुरने डोकं आईच्या मांडीवर टाकलं. डोकं गरम होतं आणि केसांना वरण लागलं होतं.

तात्या गुडघ्यावर हात टेकत उठले. त्यांनी फडकं आणलं आणि फरशी पुसायला वाकले.

"राहू द्या तात्या, मी करते."

"तू बस," ते म्हणाले.

उद्या पुन्हा असंच होईल, कदाचित परवाही. हे किती वर्षं चालेल ते कालिंदीला सांगता आलं नसतं, आणि विचार करायची ताकदही नव्हती. मांडीवरचा श्वास हळूहळू लांब होत चालला होता. मुलगी जेवली नव्हती. थोड्या वेळाने उठवून दोन घास भरवावे लागणार होते, मग केस धुवायचे होते. तिच्या पायाला मुंग्या आल्या. तिने पाय हलवला नाही.